दोघांच्या मधले शटर

मित्रांनो, लोखंडाला कसली भीती, असे लोक म्हणतात. पण मला भीती वाटते. मी निपाणीच्या बाजारपेठेतल्या एका पक्षकार्यालयाचे जुने शटर आहे.

बेळगावच्या खासबागेत नागेंद्र नावाच्या कारागिराने माझ्या पट्ट्या एकमेकींत ओवल्या. इथे बसवल्यावर रंगाऱ्याने माझ्यावर पक्षाचे नाव मराठीत आणि कानडीत लिहिले. कार्यालयाची झाडलोट करणारी मनुबाई मला रोज सकाळी वर ढकलायची. मी खडखडत वर गेलो की पार चिकोडीकडची माणसे आत यायची. कुणाचे रेशनकार्ड अडलेले, कुणाच्या नळाला पाणी नसलेले. तालुक्याचे अध्यक्ष सुकुमारअण्णा सगळ्यांना आधी बसायला सांगायचे. "अण्णांचं दार कधी बंद नसतं," असे गाव म्हणायचे. ते कौतुक मला माझेच वाटायचे.

पुढे अण्णा थकले. चार मोठी माणसे आत बसून उमेदवार ठरवू लागली आणि मला अर्ध्यावर ओढून ठेवू लागली. शटरखालून वाकून कोण आत येणार? लोक पायरीवरूनच परतू लागले. माझ्या खोबणीत धूळ साचली. तेल घालायचे कुणाला सुचले नाही.

परतणाऱ्या त्या लोकांना अतुल भेटला. तो याच पक्षाचा तरुण कार्यकर्ता. चौकात उभा राहून तो विचारायचा, "पक्ष तुमचा, आन् दार मातर त्यांचं. हे कसं काय?" लोकांना ते पटायचे. खरे सांगतो, मलाही पटायचे. नगरपालिकेच्या निवडणुकीचे तिकीट त्याला मिळावे, असे बहुतेक कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. पण अण्णांनी ते आपल्या व्याह्यांना दिले.

त्याच दुपारी जमाव आला. अतुल सर्वांत पुढे होता. मनुबाईने घाईघाईने मला खाली ओढले. आत ती आणि अण्णा, दोघेच. पहिला दगड माझ्यावरच्या अक्षरांवर बसला. मग दोन्ही भाषांतल्या शिव्या आल्या. कुणीतरी म्हणाले, "फोडा शटर."

अतुल मागे वळला. "थांबा रं. आपल्याला बोलायचंय, फोडायचं न्हाय."

"आता बोलून काय हुतंय?" गर्दीतून एक जण म्हणाला. "दार त्यांचं हाय म्हणून तूच सांगितलंस न्हवं?"

मागची माणसे पुढे रेटली. अतुल माझ्यावर दाबला गेला आणि मी आत वाकलो. त्याचा श्वास अडकत होता आणि त्याचे कण्हणे आत ऐकू जात होते. आतून अण्णांनी दोन्ही तळवे मला टेकले होते आणि ते थरथरत होते. बाहेरचा थरकाप कुठला आणि आतला कुठला, मला कळेना.

"अण्णा, सरका. वर घेऊ द्या," मनुबाई म्हणाली.

"उघडलंस तर समदे आत घुसतील."

"घुसू देत. त्यो अतुल चिरडला जातोय."

"मला भ्या वाटतंय, मनुबाई."

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली आणि वाकून तिने कडीला हात घातला.

मी हललो नाही. पट्ट्या वाकलेल्या, खोबणी कोरडी. दगडांपेक्षा मला त्या क्षणाची जास्त भीती वाटली. मग अण्णाही गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी जोर लावला. मी किंचाळत हातभर वर आलो. अतुल खालून आत घसरला. त्याला ओढून घेणारे, धुळीने माखलेले अण्णा पुढच्या माणसांना दिसले आणि ती माणसे थबकली. मागच्यांना त्यांनी पाठीने रोखून धरले. "थांबा, म्हातारं माणूस हाय आत," कुणीतरी म्हणाले. हळूहळू आवाज उतरला.

पुढे कार्यकर्त्यांची मते घेतली गेली आणि तिकीट व्याह्यांऐवजी अतुलला मिळाले. तो निवडून आला. अण्णा आता येत नाहीत, त्यांच्या खुर्चीत अतुल बसतो. तो माणूस चांगला आहे. पण आज पाण्याची तक्रार घेऊन बरीच माणसे येताना दिसली, तेव्हा त्याने त्या दिवशी दबलेल्या बरगडीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मावशी, जरा अर्ध्यावर घ्या की." मनुबाईने त्याच्या त्या हाताकडे पाहिले. मग मला अर्ध्यावर ओढले.

मित्रांनो, दार आपले असो की दुसऱ्याचे, त्याला तेल घालत जा आणि ते पूर्ण उघडत जा. भ्यायलेला माणूस दार ओढून घेतो, आणि ओढलेल्या दाराबाहेर माणसे वाढत जातात. आत्ता आतून फक्त त्यांचे पाय दिसताहेत. पूर्वी असे पाय परत फिरायचे.

हे फिरत नाहीत. कुणीतरी मला वर घ्या.