रांगेतली जागा

तोर्केलने ट्रे खिडकीशी सरकवला. टोस्ट, चीज, सफरचंदाचा रस आणि मधोमध काठीवरचा देशाचा इवलासा निळा-पिवळा झेंडा. इथल्या इस्पितळात बाळ झालं की हा ट्रे येतोच. त्याची बायको योन्ना झोपली होती, आणि तिच्या छातीवर ती लालबुंद, सुरकुतलेली मुलगीही.

"खाऊन घ्या, बाबा," सेनादा सुईण म्हणाली. "की आधी कंपनीच्या शाळेच्या रांगेत नाव घालायचंय? हल्ली बापांना भूकच लागत नाही त्याच्याआधी."

"आम्ही नाही घालणार. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर आहे."

"अगंबाई! माझी दोन्ही पोरं त्या कंपनीच्याच शाळेत आहेत. गणितात पहिल्या श्रेणीत!"

"पेपर तपासतं कोण? त्यांचेच मास्तर. गिऱ्हाइकाला नापास करून दुकान चालतं होय?"

"असेल तसंही," ती चादर नीट करत म्हणाली. "पण वर्गात शांतता असते हो."

ती गेली आणि तोर्केल उठून बाहेर आला. लांबलचक पॅसेजमध्ये तो उगाच येरझाऱ्या घालू लागला. श्रेणीचं बोलणं त्याने सहज उडवून लावलं असतं. शांततेचं काय करायचं, ते त्याला कळेना.

गेल्याच आठवड्यात त्याच्या आठवीच्या वर्गात खुर्ची भिरकावली गेली होती. मारामारी करणारी दोन्ही पोरं कंपनीच्या शाळेतून ऐन वर्षात आलेली. 'तुमचा मुलगा इथे रमत नाही' असं गोड बोलून तिथून आवरायला जड पोरांची बोळवण होते, आणि ती तोर्केलच्या पदरात पडतात. दोघांना आवरता आवरता तास संपला. पहिल्या बाकावरची ईदा कानांत बोटं घालून समीकरणाशी झगडत होती. तिचं अडलं होतं हे त्याला दिसत होतं. तिच्यापर्यंत त्याला पोहोचताच आलं नाही.

महिन्यापूर्वी, सरकारी पैशावर शाळा चालवून नफा कमावणाऱ्या कंपन्यांविरुद्धच्या चौकातल्या सभेत तो माइकवर गरजला होता, शाळा म्हणजे दुकान नव्हे. योन्ना मोठं पोट घेऊन मागे उभी होती, आणि घरी येईपर्यंत दोघं भांडली होती. तिला मुलीसाठी कंपनीचीच शाळा हवी होती. त्याने साफ नाही म्हटलं होतं.

रांग नाव घातल्या दिवसापासून धरतात. आज जन्मलेल्या कितीतरी बाळांचे बाप या क्षणी फोन काढून बसले असणार. पहिल्या बाकावर, कानांत बोटं घालून, त्याला आपलीच मुलगी दिसली. कॉफीच्या यंत्राशी उभं राहून त्याने फोन काढला. नाव अजून ठरलं नव्हतं. जन्माबरोबर सरकारकडून मिळालेला तिचा ओळख-नंबर पुरेसा होता. अर्ज गेला. त्याने फोन घाईघाईने शर्टाच्या खिशात टाकला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि हायसंही वाटलं.

तो खोलीत आला तेव्हा योन्ना टोस्ट खात होती.

"ताईचा फोन येऊन गेला. 'घातलंस का नाव, घातलंस का नाव', जीव खाल्ला तिने."

"मग?"

"म्हटलं, नाही घालणार. बाप शिकवतो तिथेच शिकेल पोरगी." तिने त्याच्याकडे पाहिलं. "असा काय बघतोस? जिंकलास ना एकदाचा!"

"पण तूच तर..."

"हो, मीच. कळा येत होत्या ना, तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून तू त्या ईदाचं सांगत होतास. एवढ्या गोंगाटात कानांत बोटं घालून गणितं सोडवते म्हणे. मनात आलं, अशी पोरं आहेत तिथे, आणि तू आहेस. आणखी काय हवं?"

तोर्केल अजून दाराशीच उभा होता.

"ये इकडे, मास्तर." तिने ट्रेमधला झेंडा उचलला आणि हसत हसत त्याच्या शर्टाच्या खिशात, फोनला लागूनच खोचला. "आता काढायचा नाही हं."

त्याने झेंडा काढला नाही. फोनही काढला नाही.