रतनबाईंनी खोडलेलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. जुन्या वस्तू गोष्ट सांगायला लागल्या की आधी आपलं कौतुक करतात आणि मग आपल्याला अडगळीत टाकलं म्हणून रडतात. कौतुक माझंही पुष्कळ झालं. पण ते सांगताना मला लाज वाटते, आणि अडगळीबद्दल माझी काही तक्रार नाही.

मुळात मी एका खोक्याचं झाकण. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा त्याची यंत्रं लाकडी खोक्यांतून आली. त्यातल्या एका यंत्रावर मी खिळे ठोकून बसले होते. माझ्या पाठीवर अजून परदेशी अक्षरं आहेत, ती मला वाचता येत नाहीत. जवळच्याच एका खेड्यातले गेनबा तेव्हा तिथे माती वाहायला जात. त्यांची थोडी जमीनही कारखान्याकडे गेली होती. खोकी फोडल्यावर त्यांनी मला मागून घेतलं, डोक्यावर घेऊन गावात आणलं आणि शाळेच्या ओट्यावर टेकवलं.

"गुर्जी, चुलीत घालन्यापरीस पोरांच्या कामाला यील," ते म्हणाले.

शाळेचे गुरुजी लक्ष्मणराव हे साताऱ्याकडून बदलून आलेले, मनानं चांगले, पण वरिष्ठांपुढे पार विरघळून जाणारे. चार दिवसांनी शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार होते. गुरुजींनी माझ्यावर अलंकारांचा तक्ता रंगवून घ्यायचं ठरवलं. पाच चौकटी, प्रत्येकीत वर अलंकाराचं नाव आणि खाली एक ओळ. ओळी त्यांनी स्वतः रचून कागदावर लिहून दिल्या. रंगवायला आले बबनराव पेंटर. त्यांचं अक्षर असं देखणं, की कारखान्याच्या फाटकावरची 'आत येण्यास मनाई आहे' ही पाटीसुद्धा लोक थांबून वाचायचे.

बबनरावांनी आधी चौकटी आखल्या आणि नावं लिहिली. उपमा, रूपक, यमक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती. दुसऱ्या दिवशी ओळी लिहायला बसले, तेव्हा गुरुजी पुण्याला गेले होते. आता माझ्या अंगावर दुसऱ्या चौकटीच्या जागी लाकडाची एक मोठी गाठ आहे, त्यामुळे तिथे जागा कमी. आणि रूपकाची ओळ नेमकी लांब होती: 'आमची शाळा म्हणजे ज्ञानाची विहीर, पोहरा सोडाल तितके पाणी वर येईल.' उपमेची ओळ आखूड, आमच्या नदीवरची: 'पवनेचे पाणी आरशासारखे लखलखते.'

बबनरावांनी मान तिरपी करून दोन्हींकडे पाहिलं. "लांबडी हितं मावत न्हाई राव," ते स्वतःशीच म्हणाले, आणि लांब ओळ पहिल्या ऐसपैस चौकटीत लिहिली, आखूड दुसरीत. दिसायला फार सुरेख झालं. म्हणजे उपमेखाली रूपक आलं आणि रूपकाखाली उपमा.

संध्याकाळी गुरुजी परतले. त्यांनी मला वाचलं आणि कपाळाला हात लावला. पण साहेब दुसऱ्याच दिवशी सकाळी यायचे होते. साहेब आले. त्यांनी माझ्यावरची अक्षरं लांबून पाहिली, ओळी काही वाचल्या नाहीत, आणि शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'अलंकारांचा तक्ता उत्तम.' आता उत्तम ठरलेली वस्तू चुकली आहे असं कोण सांगणार? वर्गात गुरुजी मुलांना एकदा म्हणाले, "पहिल्या दोन चौकटींतल्या ओळी अदलाबदल करून वाचायच्या बरं का." मुलांनी ते लक्षात ठेवलं. गुरुजींना वाटलं, काम भागलं. मला तर ती चूक आठवतही नव्हती. आल्यागेल्याला मला दाखवत, आणि मी फुगून भिंतीवर बसले होते.

पण एका माणसाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

गेनबांची विधवा सून रतनबाई रोज सकाळी शाळा उघडायच्या आधी झाडलोट करायला यायच्या. माहेरी त्यांची चौथी झाली होती. त्यांना सातवीची फायनल बाहेरून द्यायची होती, कारण फायनल पास झालं की प्राथमिक शाळेत नोकरी मिळत होती. गेनबांनी पुष्कळ दिवस ऐकलं नाही. शेवटी म्हणाले, "एकडाव बस. पास झालीस तर मास्तरीन हो. न्हाई तर कारखान्यात बाटल्या धुवायला जायचं, पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

त्या एका खेपेसाठी ती बाई काय काय करायची, ते मी पाहिलं आहे. झाडता झाडता पाढे म्हणायची. पाण्याचा हंडा भरून आणला की ओसरीत थोडी रेंगाळायची आणि आत चाललेला धडा ऐकायची. गुरुजींनी पुस्तकं दिली होती, पण अलंकारांपुरती माझ्यावरच भिस्त होती. रोज ओल्या फडक्यानं मला पुसायची आणि बोट ठेवून वाचायची.

एका सकाळी तिचं बोट पहिल्या चौकटीवर थांबलं.

"शाळा म्हंजी हीर," ती पुटपुटली. "हितं 'सारखं' न्हाई, 'वानी' न्हाई. शाळाच हीर झालीया." बोट दुसऱ्या चौकटीवर गेलं. "आन हितं पानी येगळं, आरसा येगळा, निस्तं सारखं म्हनत्यात. गुर्जी तर म्हनत हुते, सारखं म्हनलं का उपमा आन एकच मानलं का रूपक. मंग ही नावं उलटी पडली जनू?"

मित्रांनो, तिनं बरोबर ओळखलं होतं. कुणी न शिकवता, हातात खराटा धरून. माझ्या शेवटच्या चौकटीत चेतनगुणोक्ती आहे, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी बोलते, वागते तो अलंकार. 'डोंगर म्हणाला ढगाला, जरा टेक की.' माझ्या अंगावरचा डोंगरसुद्धा बोलत होता. मी बोलले नाही. आता तुमच्यापुढे एवढी घडाघडा बोलते आहे, पण बोलायची वेळ तीच होती.

तिनं दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग हसली आणि स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली. "येडीच हाय मी. एवढ्या मोठ्या रंगात कुनी चुकीचं लिवंल व्हय? दिपोटीसायबानं वाखानलंय. माज्याच कानानं उलटं ऐकलं." आणि दोन्ही ओळी, होत्या तशाच, पाठ करायला लागली. गुरुजींना विचारायचा तिला संकोच वाटला असावा. आधीच फार विचारते असं तिला वाटायचं.

परीक्षा झाली. निकाल लागला. रतनबाई बाकी सगळ्या विषयांत पास झाल्या होत्या, मराठीत तीन गुणांनी गेल्या.

गुरुजींना खरं वाटेना. त्यांनी प्रश्नपत्रिका काढली आणि माझ्यासमोरच बसून एकेक प्रश्न विचारायला लागले. शुद्धलेखन, निबंध, सगळं ठीक होतं. मग आला अलंकारांचा प्रश्न, चार गुणांचा. रतनबाईंनी आपलं उत्तर सांगितलं.

"अहो, हे तर उलटं आहे," गुरुजी म्हणाले.

"आदी मी दुसरंच लिवलं हुतं," रतनबाई म्हणाल्या. "माज्या मनानं. मंग ही फळी आठवली, आन खोडलं."

गुरुजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला वाटलं, भिंतीतला खिळा निसटावा आणि मी खाली पडून फुटावं. पण खिळा पक्का होता.

"चूक तुमची नाही, रतनबाई. चूक फळीवर आहे." ते म्हणाले. "फळीवर आहे आणि मला ती पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"म्हंजी माजं बरूबर हुतं?"

"बरोबर होतं."

"आदीचं, खोडलेलं?"

"होय."

रतनबाई हसल्या. नापास झालेली ती बाई इतकी खूश झाली, की ते हसू बघवेना. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जरा वेळानं हसू विझलं आणि त्या म्हणाल्या, "मीच इचारायला पायजे हुतं तुमास्नी." म्हणजे चूक पुन्हा स्वतःच्याच पदरात घेतली.

गुरुजी त्याच दिवशी गेनबांच्या घरी गेले. "माझ्या चुकीमुळे झालं, आणखी एकदा बसू द्या," म्हणून विनवून आले. गेनबांनी सगळं ऐकून घेतलं. "मीच आनली हुती की ती फळी," ते म्हणाले. "पर मी तिला एकडाव म्हनलो हुतो, गुर्जी. सोमवारपास्नं ती कारखान्यात लागतीया. घरात खानारी तोंडं हायती." हे गुरुजींनी आल्यावर रतनबाईंना सांगितलं.

शेवटच्या सकाळी रतनबाई नेहमीसारख्या आल्या. शाळा झाडली, मला ओल्या फडक्यानं पुसलं, नेहमीइतकंच हळू. मग गुरुजींच्या टेबलावरचा खडू घेतला आणि माझ्यावर दोन बाण काढले, पहिल्या चौकटीतल्या ओळीपासून 'रूपक' या नावाकडे एक आणि दुसरीतल्या ओळीपासून 'उपमा' या नावाकडे एक. हाताला खडूची सवय नव्हती, बाण वाकडे आले.

"आता आनी कुनाचं खोडू नगंस," त्या मला म्हणाल्या आणि किल्ली ठेवून गेल्या.

खडू फार दिवस टिकला नसता. गुरुजींनी बबनरावांकडून लाल रंग आणला आणि ते बाण स्वतःच्या हातानं गिरवले. बबनराव म्हणाले, "द्या, मी सरळ काढून देतो." गुरुजींनी काढू दिले नाहीत.

पुढे नवे छापील तक्ते आले आणि मी मागच्या खोलीत गेले. इथे अंधार आहे, वाळवीही लागली आहे. मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, मला जपा. मी ते म्हणणार नाही. मला चुलीत घातलंत तरी चालेल, गेनबांनी नाही का तो विचार आधीच केला होता. माझं मागणं दुसरंच आहे. कधी तुमच्या मनाला एक उत्तर पटेल आणि भिंतीवर मोठ्या रंगात दुसरं लिहिलेलं असेल. तेव्हा कुणाला तरी विचारा. विचारायला कुणी नसेल, तर निदान माझ्यासारख्या फळीसाठी आपलं उत्तर खोडू नका.