ऑरिन पेटेंगिल, क्वारी रोड

ओळखपत्राशिवाय मतदान नाही, असा कायदा राज्याने केला तेव्हा आमच्या गावाच्या मंडळाने एकमताने विरोधाचा ठराव केला. मंडळ म्हणजे आम्ही तिघंच, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागत नाही. न्यू हॅम्पशायरच्या या डोंगरात कुणाचं कुत्रं कुणाच्या अंगणात झोपतं हेही आम्हाला ठाऊक. इथे माणसाने फोटो दाखवून मत द्यायचं? राजधानीहून उत्तर आलं, अगदी गोड भाषेत. थोडक्यात, पालथ्या घड्यावर पाणी.

मतदान असलं की यादीच्या टेबलाशी मी बसते. मतदार आपलं नाव आणि पत्ता सांगतो, मी ते मोठ्याने परत म्हणते, खूण करते आणि मतपत्रिका देते. टेकडीवर एकटा राहणारा ऑरिन पेटेंगिल कधी चुकला नाही. बायको गेली, नजर अधू झाली, गाडी चालवणं सुटलं, तरी पायी उतरून यायचा. गाडीचा परवाना कधीच बाद झालेला. नवा कायदा आल्यावर मी दोनदा म्हटलं, चल, तुला कार्ड काढायला नेते. "मी कोण ते मला परगावचा कारकून सांगणार?" म्हणाला. हट्टी मेला.

मतदानाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. राज्याने पाठवलेला निरीक्षक माझ्या शेजारी बसला होता. गृहस्थ सभ्य होता, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना. ऑरिन टोपी काढून समोर उभा राहिला.

"ऑरिन पेटेंगिल, क्वारी रोड."

"कार्ड आणलंस?"

"डेल्फीन, बायकोच्या मयताला तू बीन्सचं भांडं घेऊन आली होतीस. ते अजून माझ्याकडेच आहे. कार्ड कसलं मागतेस?"

"मी नाही मागत रे. कायदा मागतोय."

"आणि तू मला ओळखतेस, त्याचं काय?"

"ते आता चालत नाही."

निरीक्षकाने मान डोलावली. ऑरिन चिडला असता तर बरं वाटलं असतं. भांडण तरी झालं असतं. माझ्या घरी आता भांडायलाही कोणी उरलेलं नाही. पण तो हातातली टोपी फिरवत राहिला.

"मत राहू दे," तो हळूच म्हणाला. "नुसतं नाव म्हण. माझं नाव आता कोणी घेत नाही गं."

मतपत्रिका न देता नाव पुकारलेलं चालतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. उभी राहिले आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ऑरिन पेटेंगिल, क्वारी रोड."

"हो," तो म्हणाला. "तोच मी."

त्याने टोपी घातली. "पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरेल."

खिडकीतून तो चढ चढताना बराच वेळ दिसत होता. यादीत त्याच्या नावापुढची जागा कोरीच राहिली.

"बाई, तुम्ही ओळखता त्यांना?" निरीक्षकाने विचारलं.

"शाळेपासून," मी म्हटलं. "पण तुमच्या कायद्याच्या लेखी आज इथे कोणी आलंच नाही."