फॉर की टू: घरचं मतदान

त्या घरातून कुठलाही कागद बाहेर जायचा तो बहुमताने. गॅसवाल्याची तक्रार असो की कुणाच्या लग्नाला न येण्याचं कारण, जेवणाच्या टेबलाभोवती हात मोजले जात आणि मग सासरे उजव्या हाताच्या एकाच बोटाने मजकूर टाइप करत. इतरांना कीबोर्डला हात लावायची सोय नव्हती.

सुनेला दूरच्या शहरातल्या नोकरीसाठी अर्ज करायचा होता. औषधांच्या शीतगृहात तापमान तपासायचं काम. घरात कुणाचं डोकं किती तापलंय हे ती रोज बघतच होती, तेव्हा अनुभवाचा प्रश्न नव्हता.

"करू नकोस" असं तोंडावर म्हणून वाईटपणा कोण घेणार? पण जाहिरातीत बजावलं होतं, की इंग्रजीत चूक दिसली तर अर्ज वाचलाच जाणार नाही. आणि पहिल्याच वाक्यात, "आय विश टू अप्लाय" आणि "द पोस्ट" यांच्या मधे, सासऱ्यांचं बोट अडकलं.

"पुढे फॉर," धाकटा दीर म्हणाला.

"टू असेल," नवरा म्हणाला.

"ऑनही असतं," सासरे म्हणाले.

"पंखाही ऑन असतो. त्यालाच द्या अर्ज," सासूबाई म्हणाल्या, आणि ऑन तिथेच पडला.

उरले दोन. इंग्रजी सुनेखेरीज सगळ्यांचं बेताचंच, पण सासू, सासरे आणि दीर यांना सुनेचा चेहरा पाठ होता. तिला जो शब्द आवडेल तो बरोबर, म्हणून मत दुसऱ्याला. अर्ज आपोआप बाद, आणि आपले हात स्वच्छ!

सून काय आज आली होती या घरात? कुणी फॉर म्हटलं की ती कपाळाला आठ्या घाली. टू म्हटलं की तिचा चेहरा असा खुले, जणू नेमणुकीचं पत्रच हातात पडलंय.

मतदान झालं. सासू, सासरे, दीर: फॉर. टूला दोनच मतं. एक सुनेचं, देखाव्याचं. दुसरं नवऱ्याचं, बायको खूश दिसली म्हणून. टू पडला. सासऱ्यांनी फॉर टाइप केलं, बाकीचा मजकूर वादाविना पार पडला आणि अर्ज गेला.

भांडी आवरताना सासूबाई स्वयंपाकघरात आल्या.

"फॉरच बरोबर होतं ना गं?"

सुनेच्या हातातलं पातेलं थांबलं. "तुम्हाला कळलं होतं, आई?"

"एवढी हसलीस तू कधी या घरात?"

"मग मत का दिलंत?"

"तू गेलीस की उरतो आम्ही चौघं. दोन इकडे, दोन तिकडे. मग निकाल कुणाचा? घरातल्या मोठ्या बाईचा." सासूबाईंनी आवाज खाली आणला. "फक्त एकटीच जा. नवऱ्याला नेलंस तर तिघं उरू, आणि माझं सगळं मुसळ केरात."

सून बाहेर आली ती थेट नवऱ्यापाशी. तिने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने घसा खाकरला.

"एक ठराव मांडतो. नोकरी लागली तर मीही सोबत जावं."

त्याचा हात वर गेला. सुनेचाही गेला, नोकरी लागेपर्यंत तिचं मत धरणं भाग होतं. सासऱ्यांनी सुनेमागोमाग बाहेर आलेल्या बायकोकडे पाहिलं आणि हात मांडीखाली दाबून धरला.

"धाकट्या, खबरदार!" सासूबाई म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपणाऱ्या धाकट्याने दादाच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि दोन्ही हात वर केले.

"एकच धरा," सून म्हणाली. "पुरे आहे."