बोरमाळची शून्यं

भिंगारच्या एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याचा तक्ता सुमंत सरांनी स्वतः आखला होता, त्यामुळे त्याला नावं ठेवायची सोय नव्हती. एका गावाची एक ओळ आणि पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने. दिसायला झकास. पण पुढच्या वर्षी दवाखान्याची गाडी कुठे जाणार हे ठरवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरला तो पचत नव्हता. त्याला प्रत्येक ओळीत एक गाव, एक महिना आणि तपासलेले पेशंट, एवढंच हवं होतं. म्हणजे आडवे रकाने मोडून त्यांच्या उभ्या ओळी करायच्या. हे काम प्रणिताच्या गळ्यात पडलं. ऑफिसात डेटाबेस कळणारी ती एकटीच, हाच तिचा गुन्हा.

आठवडाभर तिनं डोकेफोड केली. मार्चचे पेशंट एप्रिलात जाऊन बसत, आणि सर घडीघडी दारातून डोकावून "झालं का गं?" विचारत. त्यांना एकदा खुर्चीला बांधून ठेवावं असं तिला फार वाटे. शेवटी एका दुपारी रकान्यांच्या ओळी करणारी तिची क्वेरी चालली. सरांनी रिपोर्ट वरपासून खालपर्यंत पाहिला नि खूश झाले. "बघ, एकही ओळ रिकामी नाही! दे पाठवून."

तिनं पाठवला. चहा मागवणार तोच टेबलावरचा दवाखान्याचा फोन वाजला.

"ताई, म्या दगडाबाई बोलते, बोरमाळची. गोळ्यांच्या जुन्या पाकिटावर ह्यो नंबर हुता. बीपीच्या गोळ्या सरल्यात, डोकं लई गरगरतंय. औंदा गाडी कामून आली न्हाई?"

"बघते हं मावशी, फोन ठेवू नका." प्रणितानं रिपोर्टमध्ये बोरमाळ शोधलं. सापडेना. खर्ड्यापलीकडची ती वस्ती अख्ख्या रिपोर्टमध्ये नव्हती. जुन्या तक्त्यात मात्र होती, बाराही रकाने कोरे. वाटेवरचा पूल खचल्यापासून गाडी तिकडे फिरकलीच नव्हती, आणि कोऱ्या रकान्याची ओळ होतच नाही. रकाने मोडताना ती सगळी वस्तीच गळून पडली होती. तिला स्वतःचाच संताप आला. आठवडाभर आकडे तपासले, पण जे नाहीत ते कोण तपासणार?

तिनं कोऱ्या जागी शून्य भरून क्वेरी पुन्हा चालवली आणि सरांना बोलावलं.

"आता हे काय मध्येच?" सर वैतागले. "गाडी गेलीच नाही, तर रिपोर्टमध्ये कशाला?"

"सर, रिपोर्टमध्ये नसेल त्या गावाला सॉफ्टवेअर गाडीच देणार नाही. पुढच्या वर्षीही नाही."

"अगं, रिपोर्ट गेलाय वर! आता ही शून्यं दाखवली तर आपलीच अब्रू जाईल. त्या बाईला सांग, नोंद नाही म्हणून."

प्रणिताचं डोकं सणकलं. फोन अजून चालूच होता. तिनं तो सरांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

सरांनी घसा खाकरला. "हॅलो... हो मावशी... नाही मावशी, तसं नाही..." पलीकडून बराच वेळ बोलणं चालू होतं. सर टेबलाच्या कडेला टेकले. 'नोंद' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

फोन ठेवून ते स्क्रीनकडे वळले.

"नवा रिपोर्ट पाठव," ते म्हणाले. "फक्त ती शून्यं जरा बारीक अक्षरात घाल."

प्रणितानं मान हलवली, आणि शून्यं होती तेवढीच मोठी ठेवून रिपोर्ट पाठवला.