मधला वाचक

पाकिटाची कड गुळगुळीत लागत होती. त्याने अंगठा पुन्हा एकदा कडेवरून फिरवला, मग पाकीट उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं, चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्याला लावलं—नाही. डिंकाचा तो दुसरा थर, घाईने फासलेला, कडेबाहेर ओघळून वाळलेला, बोटाला खरखरणारा थर नव्हताच. पत्र लिहिणाऱ्याने जसं चिकटवलं होतं तसंच ते त्याच्या टेबलावर येऊन पडलं होतं. त्याने दुसरं पाकीट उचललं. तेही तसंच. तिसरं कुठल्याशा परिषदेचं छापील निमंत्रण, ते कोण कशाला फोडतो म्हणा... पण एके काळी तेही फोडत. एके काळी विजेचं बिलसुद्धा फोडून, वाचून, पुन्हा चिकटवून पाठवत, आणि बिलात त्यांना काय राजद्रोह सापडायचा देव जाणे!

या घरात दुसऱ्या कुणी आधी न वाचलेलं पत्र येऊन वर्षं लोटली होती. नदीतल्या पाऱ्याबद्दल तो पहिल्यांदा जाहीर बोलला तेव्हापासूनचं हे. सरकारी कारखान्याच्या खालच्या अंगाला गाळात पारा किती, माशांत किती, ते मासे खाणाऱ्या पोरांच्या रक्तात किती, हे त्याने आकड्यांनिशी सांगितलं आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. मग पारा राहिला बाजूला. तुरुंगात टाकलेल्यांबद्दल तो बोलला, बंद पाडलेल्या वर्तमानपत्रांबद्दल बोलला, तोंड शिवून पगार घेणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल तर जरा जास्तच बोलला. प्रयोगशाळा गेली. संस्थेतल्या त्याच्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात असं कळलं होतं. राहिलं ते टपाल—रोजचं, एक दिवस उशिरा येणारं, कुणाच्या तरी हाताखालून गेलेलं. त्या कुणाला तरी बायकोने नावही ठेवलं होतं. भावोजी.

“भावोजींना आज घाई दिसतेय, वाकडं चिकटवलंय,” असं ती म्हणायची. किंवा, “भावोजींना सर्दी झालीय वाटतं, पत्राला बामाचा वास येतोय.” सुरुवातीला ती हे चिडून म्हणायची, मग हसून, मग नुसतीच सवयीने. माणूस कशालाही सरावतो.

आता ती चहा घेऊन आली तर हा तीन पाकिटं समोर मांडून बसलेला. तिने एक उचललं, कडेवरून नख फिरवलं, आणि मटकन समोरच्या खुर्चीत बसली.

“अहो... फोडलंच नाहीये!”

“हो.”

“एकही?”

“एकही नाही. कालचीही बघितली मी. परवाचीही. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“म्हणजे सुटलो की हो आपण!” ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. “सुटलो एकदाचे. काळं कुत्रं विचारत नाही आता तुम्हाला. किती बरं झालं!”

बरं झालं. त्याने चहाचा घोट घेतला, तो जिभेला पोळला, तरी त्याने गिळला. बरं काय झालं यात? त्याच्या डोक्यात दोन कारणं आली. शास्त्रज्ञ माणूस, कारणं आल्याशिवाय राहतात होय? एक तर त्यांनी सगळं ठरवून टाकलं असेल, कागद तयार असतील, आता वाचायची गरज उरली नसेल, उद्या-परवा गाडी येऊन दाराशी उभी राहील. किंवा मग ती म्हणते तेच. खुर्चीवरून त्या माणसाला उठवला असेल, दुसऱ्या कुणाची, तरुण कुणाची पत्रं त्याच्यापुढे टाकली असतील—या म्हाताऱ्याचं काय वाचायचंय, रोज तेच तर लिहितो. आणि त्याच्या लक्षात आलं की पहिलं कारण खरं असावं असं त्याला वाटतंय. गाडी दाराशी यावी असं वाटतंय. अटकेच्या कल्पनेने छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटावं... हे काय झालंय मला? मी असा कधी झालो?

बायको दळण आणायला गेली. जाताना ती गुणगुणत होती. ती गुणगुणते हे तो विसरूनच गेला होता.

टपालाची त्याची एक रीत होती. सकाळी पत्रं वेगळी करायची: शिव्यांची एकीकडे, कौतुकाची एकीकडे, कामाची मध्ये. प्रत्येकाला उत्तर, त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत. खाली कार्बन घालून, म्हणजे प्रत आपल्याजवळ राहते. शिव्या देणाऱ्यालाही ‘आपला विश्वासू’. आणि लिहिताना, पहिल्या ओळीपासून, मध्ये बसलेल्या त्या माणसासाठी लिहायचं. हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं. आपोआप होत गेलं. आपलं प्रत्येक अक्षर न चुकता वाचणारा देशभरात एकच माणूस आहे हे एकदा कळल्यावर दुसरं काय होणार? संस्थेतल्या विद्वानांनी त्याचे निबंध चाळले असतील नसतील. हा मात्र बिचारा पगार घेऊन का होईना, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचत होता. त्याच्यासाठी तो अक्षर सुवाच्य काढू लागला. पारा मज्जातंतूंचं काय करतो हे सोपं करून लिहू लागला, अगदी आपल्या क्षेत्रातल्या माणसाला लिहितानासुद्धा, कारण क्षेत्रातल्या माणसाला कळतंच, पण भावोजींना कसं कळणार? त्याने त्या माणसाला चेहरा दिला होता, पुढे आलेलं पोट दिलं होतं, शाळेत जाणारी मुलगी दिली होती. त्या नदीतले मासे खाऊ नका असं एकदा कुणाला तरी लिहून झाल्यावर, आज त्या माणसाच्या घरी मासे शिजणार नाहीत, या विचाराने तो दुपारभर खूश होता. सभेत हजार लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन जेवतात. पण हा एक फुटला, आतला, त्यांच्याच खुर्चीतला, तर... असं त्याला खरंच वाटत होतं. हसायचं असेल त्याने हसावं.

पहिलं पाकीट लंब्याचं होतं. अक्षरावरून कळलंच होतं, म्हणून तर ते शेवटी फोडायला ठेवलं होतं. लंब्या म्हणजे त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. पुढे दोघे एकाच प्रयोगशाळेत लागले, आणि गुडघाभर चिखलात उभं राहून गाळाच्या बाटल्या भरायचं काम लंब्याचं असे, कारण त्याचे पाय लांब, असा एक जुना विनोद होता. काम संपल्यावर हा राजधानीत परत आला, भाषणं करू लागला. लंब्या तिथेच राहिला, कारखान्याखालच्या नदीकाठच्या गावात. तिथलीच बायको केली होती त्याने. तिथलंच पाणी, तिथलेच मासे. आता त्याचे हात थरथरत.

पत्रातली अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली. काही शब्द दोनदा गिरवलेले.

‘अरे गाढवा,

तुझं मागचं पत्र मिळालं. त्याच्या मागचंही. फार सुरेख लिहितोस, छापायला पाठव. पोरीकडून वाचून घेतलं तर ती म्हणाली, बाबा, हे तुम्हालाच लिहिलंय ना? काय सांगू तिला? एका ओळीत विचारतोस, हात कसे आहेत, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या ओळीत पाण्यातल्या पाऱ्याची सुरक्षित मर्यादा सांगतोस. अरे, ती मर्यादा मला पाठ आहे. मोजलं कुणी? तुला कळतं का, तू गेली कित्येक वर्षं मला एकसुद्धा पत्र लिहिलेलं नाहीस? मी कुणावर रागावलेलो नाही. पण डॉक्टर म्हणतो, ही थंडी मी काढणार नाही. तर आता एक पत्र लिही. मला. तुझा तो मध्ये बसलेला एक दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. मी मरतोय.

लंब्या’

त्याने पत्र टेबलावर ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. हे पत्र मध्ये कुणी वाचलं नाही, आपणच पहिले, हा विचार मनात आला आणि त्याला उघडं पडल्यासारखं झालं, जणू कुणी अंगावरची शाल ओढून घेतली. मग राग आला. गाढव म्हणे. स्वतः तिथे राहिला, मी सांगत होतो तेव्हा आला नाही... आणि लगेच लाज वाटली. अरे, तो जातोय. लंब्या जातोय.

त्याने कागद घेतला. कार्बन घेतला, मग बाजूला ठेवला. लिहिलं: ‘प्रिय मित्रा, तुझं पत्र वाचून मन विषण्ण झालं. ज्या व्यवस्थेने तुझ्यासारख्या...’ खोडलं. नवा कागद. ‘लंब्या, तू म्हणतोस ते खरं आहे. दडपशाहीचा सगळ्यांत मोठा परिणाम हाच की माणूस माणसाशी...’ छे! हा तर अग्रलेख झाला. फाडला. वाचणारा उठून गेला होता, खुर्ची रिकामी होती, आणि हा अजून त्या खुर्चीकडे तोंड करूनच बोलत होता. जित्याची खोड, दुसरं काय.

बायको परत आली तेव्हा टेबलाखाली कागदांचे बोळे पडले होते. तिने पिठाचा डबा खाली ठेवला, लंब्याचं पत्र न विचारता उचललं आणि उभ्याउभ्याच वाचलं. तिचा चेहरा उतरला.

“काय लिहिलंत मग?”

“जमत नाहीये.”

“रोज तर दहा दहा लिहिता.”

“तू तरी टोचू नकोस.”

“टोचत नाहीये हो.” ती बसली. बोटांना लागलेलं पीठ बघत राहिली. “माझं ऑपरेशन झालं होतं तेव्हा तुम्ही परिषदेला गेला होतात. तिथून पत्र पाठवलंत. आठवतंय?”

“पाठवलं होतं ना.”

“दीड पान सरकारी दवाखान्यांची दुरवस्था. आणि शेवटी, काळजी घे.” ती हसली, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. “मी म्हटलं, असू दे, भावोजींना तरी कळेल. पण घरात बोलतानाही तुम्ही असंच बोलता. भिंतीला कान आहेत म्हणून आवाज खाली करणारे लोक मी पाहिलेत. तुम्ही वर करता! म्हणून सकाळी मला केवढा आनंद झाला. म्हटलं, आता तरी हा माणूस माझ्याशी बोलेल.”

“मग बोलतोय की.”

“हं,” ती म्हणाली, डबा उचलला आणि आत गेली.

त्याला वाटलं, उठावं, तिच्यामागे जावं, काहीतरी म्हणावं. काय म्हणावं? मनात जे वाक्य तयार झालं ते ऐकून तो जागीच थांबला. चांगलं वाक्य होतं, तोलून मापून केलेलं, माफीही होती त्यात, आणि शेवटी एक छोटासा मुद्दाही. ते त्याने गिळलं. आतून तिच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. गुणगुणणं येत नव्हतं.

त्याने पुन्हा कागद ओढला. ‘लंब्या, मला भीती वाटते रे.’ पेन थांबलं. खरंच लिहिलं की हे, आणि खरंही होतं. डोळे भरून आले... आणि त्या भरल्या डोळ्यांनीच त्याला दिसलं की वाक्य छान झालंय, कुणीही वाचलं तरी हलेल, कधी काळी पत्रं छापली गेली तर— त्याने ते इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला.

ऊन टेबलावरून खाली उतरलं. सगळ्यांत वरच्या कोऱ्या कागदावर शेवटी त्याने एवढंच लिहिलं: ‘लंब्या, हात कसे आहेत?’

पुढचं वाक्य आलं, पाऱ्याबद्दलचं. त्याने ते लिहिलं नाही. त्याच्या पुढचं आलं, कारखान्याबद्दलचं. तेही नाही. मग एक आठवण आली, चिखलातली, दोघांची, सांगण्याजोगी, तीही त्याने जाऊ दिली. मग काहीच येईना. प्रश्न तेवढा समोर राहिला. आजवर कितीदा विचारलेला, आणि विचारताना कधीच न वाचलेला. कसे आहेत ते हात? पेला धरवतो का त्याला? सदऱ्याची बटणं तो लावतो, का पोर लावते? हे पत्र लिहायला त्याला किती दिवस लागले? ती बटणं डोळ्यांपुढे आली तसं त्याला रडू फुटलं, मोठ्याने, कुरूप, म्हाताऱ्या माणसाचं. गाळातल्या कणाकणाचा हिशेब त्याला ठाऊक होता. हे त्याला माहीत नव्हतं. काहीसुद्धा माहीत नव्हतं.