वन्संची आरोळी

माझ्या नणंदेचा आवाज असा होता, की त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली तर शेजारणीचं दूध उतू जायचं. हसू नका, मी स्वतः पुसलंय ते दूध. फुटबॉलच्या लीगनं वन्संना नोकरीवर घेतलं ते याच आवाजासाठी. नवा संघ कुठल्या शहराला द्यायचा, हे ठरवायचं काम. बाकीची साहेब मंडळी रस्ते बघायची, हॉटेलं बघायची. वन्सं मात्र रिकाम्या स्टेडियममधल्या सगळ्यात वाईट खुर्चीत, पार कोपऱ्यात, खांबाआड बसायच्या आणि ओरडायच्या, "गोऽऽल!" मैदानानं आवाज गिळला, की शहर बाद. घुमून परत आला, की संघ दिला. त्यांचा शब्द शेवटचा.

त्या खेपेला संघ उरला होता एक आणि शहरं दोन. त्यातलं एक बंदराचं शहर, ते पाहून झालं होतं. तिथं आवाज परत आला, पण खोकल्यासारखा. दुसऱ्या शहराला मी सोबत निघाले.

"तू कशाला गं वहिनी? तुला ऑफसाइड तरी कळतो का?"

"ओरडून घसा बसला की गरम पाणी कोण देणार तुम्हाला?" मी म्हटलं.

शहर चकचकीत होतं. पण स्टेशनाबाहेर आलो आणि मला वाटलं, माझ्या कानांना दडे बसले. टॅक्सीवाला कुजबुजला, "कुठं जायचं?" फळवाली कुजबुजत भाव सांगत होती. चौकात दोन माणसं एकमेकांची कॉलर धरून भांडत होती, तीही कुजबुजत.

"वन्सं, चला मागं फिरू."

"तू ना, स्वतःच्या सावलीलाही दचकशील!"

स्टेडियमच्या दारात महापौर उभे होते. गळ्याला मफलर घट्ट गुंडाळलेला. "मनसोक्त ओरडा, बाई," ते पुटपुटले.

वन्सं खांबाआड बसल्या. "गोऽऽल!"

परत आला तो एक आवाज नव्हता. रिकाम्या खुर्च्यांमधून हजारो माणसं एकदम गरजली. माझ्या पायाखालची पायरी थरथरली. वन्संचा चेहरा पोरीसारखा खुलला. "ऐकलंस? असं मैदान जन्मात पाहिलं नाही!" आणि पुन्हा ओरडल्या.

"पुरे झालं," मी म्हटलं. पण ऐकतील त्या वन्सं कसल्या! तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि बाहेर काहीच नाही. मग समोरच्या रिकाम्या बाजूनं, अगदी त्यांच्या आवाजात, आरोळी आली. "गोऽऽल!"

"आम्हीही असेच आनंदानं ओरडलो होतो," महापौर कुजबुजले. "मैदान आवाज ठेवून घेतं. कुजबूज तेवढी सोडतं. संघ आला की बाहेरगावचे लोक येतील, ओरडतील. त्यांचे आवाज मिळाले की आमचे सुटतील. तुमचाही सुटेल. संघ आम्हाला द्या."

वन्संनी दोन्ही हातांनी गळा धरला. त्या आवाजाशिवाय त्यांच्याकडं होतं तरी काय? नवरा नाही, मूल नाही, तोच सगळा रुबाब.

"दर सामन्याला एकेक गाव मुकं करू?" त्या कशाबशा कुजबुजल्या. "नाही."

महापौर चिडले नाहीत. हसून त्यांनी आम्हाला दार उघडून दिलं. मला भीती वाटली ती तेव्हा.

संघ बंदराला गेला. वन्सं तेव्हापासून माझ्याकडंच असतात. खरं सांगू? ही बाई जरा गप्प बसावी म्हणून मी कितीदा देवाला हात जोडले होते! आणि बसली, तर मला घास गिळेना. कुजबुजत टोमणा मारता येतो का कधी? त्याला घसा लागतो.

म्हणून मी अधूनमधून त्या स्टेडियमला फोन लावते. कुणीतरी उचलतं, बोलत नाही. मीही ब्र काढत नाही, नुसती कान देऊन बसते. मग लांबून, त्या खांबाआडून येतं, "वहिनी, चहात पोतंभर साखर ओतलीस का गं?"

आणि माझ्यासमोर बसलेल्या वन्सं नाक मुरडून कप खाली ठेवतात.

खोटं वाटतंय? नंबर देते, लावून बघा. फक्त "हॅलो" म्हणू नका.